टर्नबकलचं गाऱ्हाणं

"रविवारी पोरीचा साखरपुडा हाय. त्या दिवशी अंगणात एक तर मांडव दिसंल, नायतर तुमची बोट. दोनी नाय," असं म्हणून गोदूबाईने मासे धुतलेलं पाणी बोटीच्या दिशेने भिरकावलं. ते बोटीवर पडणार नाही एवढी काळजी तिने घेतली होती, पण तिच्या नवऱ्याला, भागोजीला, अर्थ कळला.

"शनिवारच्या आत खाडीत घालतो!"

"वरडू नका. मी हितंच हाय."

"आणि नाय घातली तर?"

"तर अनिलला सांगून ठेवलाय. शुक्रवारी येतोय, ग्राइंडर घेऊन."

अनिल म्हणजे भंगारवाला.

ओरडण्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी उभं राहून ज्याची हयात गेली, तो हळू बोलणार कसा? भागोजी कुणाच्या कानात काही सांगायला लागला तरी ते पलीकडच्या वाडीत ऐकू जाई. काम सोडल्यावर त्याची एकच हौस उरली होती. एकदा, फक्त एकदा, भाट्याच्या खाडीतून शिडावर बाहेर पडायचं. इंजिन नको, धूर नको. नुसतं पाणी आणि वारा ऐकायचा. त्याचा बाप शिडाच्या होडीने जायचा आणि लहानपणी त्या होडीत भागोजीला जी झोप लागायची, तशी पुन्हा कधी लागली नाही. हे तो कुणाला सांगत नसे. एकाला सांगितलं असतं तर सगळ्या वाडीला कळलं असतं.

ही बोट त्याला एका हॉटेलवाल्याकडून मिळाली. पर्यटकांना फिरवायला म्हणून त्याने ती जुनीच कुठूनतरी आणली होती. पर्यटक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत, आत मात्र कुणी बसत नसे. शेवटी कंटाळून त्याने ती जवळजवळ फुकटात भागोजीच्या गळ्यात मारली. "सगळं स्टेनलेस आहे, काका. गंज म्हणून चढायचा नाही," असंही वर सांगितलं. भागोजीने ती अंगणात आणली, हौसेने डोलकाठी उभी केली, वायरी करकचून ताणल्या, आणि मग या ना त्या कारणाने तीन पावसाळे ती तिथेच उभी राहिली. गोदूबाई तिच्या वायरींवर गोधड्या वाळत घाली.

आता बोट बाहेर काढायची तर डोलकाठी आधी आडवी करायला हवी होती, कारण गल्लीच्या तोंडावर विजेच्या तारा होत्या. डोलकाठी तीन वायरींनी धरलेली. एक पुढे बोटीच्या टोकाला, नाळेला, एक घराच्या बाजूला, एक खाडीच्या बाजूला. प्रत्येक वायरीच्या खाली पीळ देऊन ती ताणायचा टर्नबकल. भागोजी त्याला सरसकट 'नट' म्हणायचा. पुढचा नट इतका लखलखीत होता की भागोजीने त्याला शाबासकी दिली, "हा माझ्या नातवापर्यंत जातोय!" घराकडचा नट थोडं खोबरेल पाजल्यावर वळला. तो त्याने निम्म्याहून अधिक सैल करून ठेवला. खाडीकडच्याला मात्र तीन वर्षं खारा वारा लागला होता. नट, त्याची पिन आणि खालची पट्टी यांचं आता एकत्र कुटुंब झालं होतं आणि वाटणीला कुणी तयार नव्हतं.

भागोजी हरणाऱ्यातला नव्हता. त्याने पाना लावला, पाना घसरला, बोटांची सालं निघाली. त्याने रॉकेल ओतलं. मग खोबरेल ओतलं. शेजारच्या केरू मांडववाल्याने सांगितलं की तांब्याची भांडी कोकमाच्या आगळाने लख्ख होतात, तेव्हा आगळाची बाटली ओतली. नट तेवढा लाल झाला. "ग्राइंडर मारा आणि मोकळे व्हा," असं येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगून गेला, पण एकदा कापायला सुरुवात झाली की अनिल काय नटापाशी थांबतोय! कापलेली बोट म्हणजे भंगारच. भागोजीने बोटांना चिंध्या बांधल्या आणि पुन्हा पाना उचलला.

बुधवारी दुपारी तो असाच नटाशी झटत असताना फोन वाजला. चिपळूणहून होणाऱ्या विहीणबाई बोलत होत्या, होणाऱ्या जावयाची, रूपेशची आई.

"काय इवाय, तयारी कुठवर आली?"

"तयारी कसली कपाळाची! नट लागलाय, नट!"

"काय लागलाय?"

"नट! गच्च बसलाय! काय केल्या सुटत नाय!"

"अगो बाय! कधीपासून?"

"तीन वर्षं झाली! आमच्या ध्यानात आत्ता आलं!"

"आणि वाडीत माहीत हाय हे?"

"सगळ्यांना! ज्यानं त्यानं उपाय सांगून झालं! तेल झालं, आगळ झालं! आता रविवारच्या आत नाय सुटला तर गोदू बोलते, सरळ मोडीत काढू!"

फोन बंद झाला. रेंज गेली असेल म्हणून भागोजी पुन्हा कामाला लागला.

आता 'नट' आणि 'नाट' यांत फरक तो एका कान्याचा, आणि भागोजी ओरडून बोलायला लागला की प्रत्येक अक्षराला काना फुटत असे. शुभकार्यात आडवा येतो तो नाट. तो लागला की ठरलेली लग्नं मोडतात, भरल्या घरात अवदसा येते. तिकडे चिपळूणला विहीणबाईंनी कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"विहीणबाई, आमच्यापासून लपवलंत ते लपवलंत," त्या ओटीवर टेकताच गोदूबाईला म्हणाल्या, "पण पोरगी चांगली हाय. म्हणून बोलते, मोडू नका. आधी नाट काढा."

"कसला नाट?" गोदूबाई चक्रावली.

"तुमच्याच मालकांनी सांगितलं. तीन वर्षं लागलाय म्हणं."

गोदूबाईने क्षणभर विचार केला. तीन वर्षं. तिची नजर हळूहळू अंगणाकडे वळली आणि चेहरा उजळला. "हां, तो व्हय! तो काय समोर उभा हाय!"

"बोटीत हाय?"

"बोटच हाय!"

भागोजी धावत आला. "अवो नाट नाय, नट! नट!" त्याने तीनचार वेळा समजावलं, आणि जितकं मोठ्याने समजावलं तितका विहीणबाईंना नाटच ऐकू आला. आतून रुचिरा आली आणि तिने शांतपणे सांगून पाहिलं की बाबा स्क्रूबद्दल बोलत आहेत. पण होणाऱ्या सुनेने सासूला साखरपुड्याआधीच शिकवू नये, म्हणून गोदूबाईने तिला चहा टाकायला पाठवलं.

नाट काढायचा तर देवाला गाऱ्हाणं घालायला हवं, आणि त्या गाऱ्हाण्याला वाडीतले मानकरी गंगारामभाऊ आले. भागोजीने त्यांच्यापुढे पुन्हा नटाची कैफियत मांडली. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली आणि निकाल दिला, "नट असो का नाट असो. अडकलाय ना? मग गाऱ्हाणं एकच."

नारळ आला, विडा ठेवला, वाडीतले बाप्ये गोळा झाले. हात जोडून उभा राहिलेला भागोजी त्यांच्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याच्या मनात आलं की एवढी दणकट माणसं फुकट उभी आहेत. त्याने पान्याच्या दांड्यात केरूच्या मांडवाचा लोखंडी पाइप सरकवला, त्याला दोर बांधला आणि दोराचं टोक मंडळींच्या हातात दिलं.

"हे काय?" केरूने विचारलं.

"गाऱ्हाण्यात 'होय महाराजा' बोललात की खेचा. देवाला पण जरा हातभार नको?"

विहीणबाई बोटीच्या मागच्या अंगाला, घराच्या बाजूला पाटावर बसल्या. गंगारामभाऊंनी घसा साफ केला.

"बा देवा, गावच्या राखणदारा! आज ह्या भागोजीच्या दारात पोरीचं शुभकार्य मांडलंय…"

"होय महाराजा!" दोर ताणला गेला. बोट टेकूंवर करकरली.

"त्यात जो काय नट, नाट, अडथळा आडवा आला असंल…"

"होय महाराजा!" डोलकाठी हलली. नट जागचा हलला नाही.

गंगारामभाऊंना आता रंग चढला. देवाकडे मागायचंच तर कंजुषी कशाला! "ह्या दारात जे जे काय गच्च धरून बसलंय, ते ते समदं मोकळं कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

ठाण्‌कन आवाज झाला. नातवापर्यंत जाणारा तो लखलखीत नट मधोमध तुटला. वरून चकाकत होता, पण आतून पार कुजला होता. घराकडचा सैल केलेला नट उरल्यासुरल्या आट्यांतून निसटला. डोलकाठी मागे, घराच्या बाजूला कलंडली आणि सरळ विहीणबाईंच्या डोक्यावर येऊ लागली. कुणाला हलायलाही वेळ मिळाला नाही. एवढ्यात खाडीकडची वायर ताडकन ताणली गेली, बोटीने हिसका खाल्ला आणि डोलकाठी विहीणबाईंच्या अंबाड्याच्या वीतभर वर येऊन थबकली.

गंगारामभाऊंनी डोळे उघडले, वर बघितलं आणि घाईघाईने जोडलं, "सावकाश मोकळं कर रे महाराजा."

विहीणबाई पाटावरून रांगत बाहेर आल्या. "ह्या काठीला धरलं कुणी?"

"नटानं!" भागोजी ओरडला. त्याने बोटाने दाखवलं तेव्हा कुठे काना गळाला आणि विहीणबाईंना नट दिसला. तेलकट, तांबडा, खवले धरलेला.

"म्हणजे समदं सुटलं, आणि हा नाय सुटला?"

"नाय सुटला!" भागोजीने नटावर थाप मारली. आठवडाभर ज्याला शिव्या घातल्या त्याचा त्याला आता अभिमान वाटत होता.

विहीणबाईंनी हळदकुंकवाचा करंडा मागवला आणि नटाला बोट लावलं. "माझा जीव राखलान ह्यानं. सोयरीक करावी तर अशा घरात, काय वाटेल ते झालं तरी धरलेलं सोडत नाय. आता लग्न लागंपर्यंत ह्याला कुणी हात लावायचा नाय."

"आणि मांडव?" गोदूबाईने क्षीण आवाजात विचारलं.

केरू डोलकाठी न्याहाळतच होता. "मांडव तर पडलाच की, वयनी. काठीचं टोक ह्या फणसाला आधाराला बांधतो आणि वरून कापड सोडतो. माझा मधला वासा वाचला."

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे अनिल ग्राइंडर घेऊन आला. गोदूबाई झाडू घेऊन त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आली. "जल्ला मेला! हळदकुंकू लावलेल्या नटाला कापायला आलाय!"

रविवारी अंगण पाहुण्यांनी भरलं. बोटीवरून झेंडूच्या माळा सोडलेल्या, डोलकाठीवर गुलाबी कापड, आणि त्याखाली पाटांवर रुचिरा आणि रूपेश. चिपळूणकरांची रांग आधी नटाच्या पाया पडत होती, मग सरबत घेत होती. भागोजी नवा सदरा घालून बोटीला टेकून उभा होता. बोट वाचली याचा आनंद होता, पण मनाला चुटपुट लागली होती. काही झालं तरी तो नट त्याच्या हातून सुटला नव्हता. हात सवयीने मागे गेला. दोन बोटं नटावर टेकली आणि सहज, खरोखर सहजच, त्याने जरासा पीळ दिला.

नट वळला.

गुरुवारच्या हिसक्याने आतला गंज फुटला होता आणि रॉकेल, खोबरेल, आगळ असं सगळं एकदाचं आत पोहोचलं होतं. त्याने आणखी अर्धा वळसा दिला. लोण्यासारखा! एवढे दिवस बोटं सोलली ती फुकट गेली नाहीत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला खाडीचं तोंड दिसायला लागलं, फुगलेलं शीड दिसायला लागलं, आणि त्याने आरोळी ठोकायला तोंड उघडलं.

तेवढ्यात वर फणसाची फांदी कुरकुरली. गुलाबी कापड हातभर खाली आलं. काठीच्या बरोबर खाली विहीणबाई बसल्या होत्या, हातात ओटीचं ताट घेऊन.

भागोजीने तोंड मिटलं. दोन्ही हात पाठीमागे नेऊन, चेहरा शक्य तितका हसरा ठेवून, तो जीव खाऊन नट उलटा पिळू लागला. तेलाने बोटं घसरत होती. कपाळावरून घाम ओघळत होता. लोकांना वाटलं, बापाला लेकीची माया आवरेना.

गोदूबाईला मात्र तसं वाटलं नाही. ती पाहुण्यांतून वाट काढत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने कापडाकडे बघितलं, विहीणबाईंकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पाठीमागे वाकून बघितलं. तिने शालूच्या निऱ्यांतून पाना बाहेर काढला. आजच्या दिवशी तरी याने नटाला छळू नये, म्हणून तिने तो सकाळीच लपवून ठेवला होता.

"घ्या," ती पुटपुटली. "आणि लग्न झाल्यावर सुटंल एवढाच घट्ट करा. मला पण यायचंय तुमच्याबरोबर शिडावर."

समोर रूपेशने रुचिराच्या बोटात अंगठी घातली. टाळ्या पडल्या. त्या गलबल्यात भागोजीने पाना लावला आणि गोदूबाई पदर पसरून त्याच्या आड उभी राहिली.