शिळीमकरांच्या दारात आलेली बर्फाची दरड

हिमाचलातली बर्फाची दरड पौष महिन्यात बोरघळच्या नामदेवतात्या शिळीमकरांकडे पाहुणी म्हणून आली. आमंत्रण तिला तात्यांनीच दिलं होतं, त्यामुळं तिच्या येण्यात बेकायदेशीर असं काही नव्हतं.

झालं होतं असं. तात्या पुण्याच्या एका गिर्यारोहण मंडळाबरोबर स्वयंपाकी म्हणून तिकडं गेले होते. ऐन थंडीत बर्फाचे डोंगर चढायचे हा त्या मंडळींचा छंद. घरात गाद्या असलेल्या माणसांनाच असले छंद सुचतात. दोन दिवस बर्फ पडला, तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, आणि मंडळाच्या पुढाऱ्याला वाटलं, उघडलं एकदाचं, चला. खालचा जुना बर्फ काचेसारखा गुळगुळीत, त्यावर नव्याचा जाड थर, आणि मधे एकाला एक धरून ठेवायला काही नाही. उताराच्या निम्म्यात पोचले आणि पायाखाली धान्याचं पोतं टाकल्यासारखा धप्पदिशी आवाज झाला. डोक्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बर्फात तड्याची रेघ उमटली. पुढारी पांढरा पडला. कुणी हलू नका, एवढंच पुटपुटला.

तात्यांना दुसरं काही सुचेना. अवेळी दारात आलेल्या माणसाला वाटेला लावावं तसे त्यांनी हात जोडले आणि वर बघून म्हणाले, "बाई, आत्ता नको. आमच्या घरी या एकदा, सवडीनं. बोरघळ, तालुका भोर. देवळामागं निळ्या दाराचं घर."

दरड थांबली. एकेक जण अंतर ठेवून पलीकडं गेला. गावी आल्यावर तात्या हे सगळं विसरून गेले. बोलण्याच्या भरात आपण दहा जणांना या म्हणतो, त्यातला एकही येत नाही.

ही आली.

त्यांची बायको सगुणाबाई सकाळी चुलीतली राख टाकायला बाहेर गेली आणि तशीच मागं फिरली. "आवं, कुनीतरी आलंय तुमच्याकडं. डोंगरावर बसलंय."

तात्यांनी वर पाहिलं आणि हातातला तांब्या पडला. वाडीच्या डोक्यावरचा उभा डोंगर एरवी वाळल्या गवतानं पिवळा असतो. तो कड्यापासून निम्म्यापर्यंत पांढराफटक झाला होता.

"नामदेवराव," वरून आवाज आला. मराठी स्वच्छ होतं, जरा सावकाश. "सवड झाली. येऊ का खाली?"

"बसा," तात्यांच्या तोंडून निघून गेलं. "बसा हो. घाई काय आहे?"

दरड बसली.

तात्यांना वाटलं, आता गाव गुरंढोरं घेऊन पळणार. कुणी पळालं नाही. तालुक्याहून तलाठी बाई आल्या, त्यांनी डोंगराकडं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "दरडीचा हंगाम पावसाळ्यात असतो," त्या म्हणाल्या. "पौषातल्या दरडीला आमच्याकडं रकाना नाही. शिवाय ही कोसळलेली नाही, बसलेली आहे."

"आन् कोसळली म्हंजी?" तात्यांनी विचारलं.

"मग पंचनाम्याला येईन ना मी." चहा पिऊन त्या गेल्या.

तात्यांनी मंडळाच्या पुढाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "ऊन चढलं की बर्फ जड होतो आणि सुटतो. सगळी कामं उजाडायच्या आत उरका. उताराखालून एकेकटे चाला."

"तुमी येता का?"

"नाही हो तात्या, रविवारी आमचा राजगड ठरलाय."

गाव लगेच शिस्तीला लागलं. बायका पहाटे विहिरीवर जायच्या, एक पलीकडं पोचली की मग दुसरी निघायची. दुपारी कुणी बाहेर पडत नसे. वीज गेल्यावर जेवढी कुरकुर होते तेवढीही कुणी केली नाही. तात्यांना मात्र दुपारी आत बसायची सोय नव्हती. ऊन चढलं की वरून आवाज यायचा, "उठते आता." की तात्यांनी अंगणात येऊन ओरडायचं, "बसा हो, बसा!" चार दिवसांत घसा बसला.

पाचव्या दिवशी दरड रुसली. "नामदेवराव, बसा बसा काय म्हणताय? घरी कधी नेणार? तिकडं तर हात जोडून बोलावलंत." आणि रागानं अंग झटकलं. तेवढ्यात सरपंच रंगनाथ खुटवडांची गवताची गंज दिसेनाशी झाली.

संध्याकाळी देवळात सभा भरली.

"तात्या, पाव्हनी तुझी," सरपंच म्हणाले. "माझ्या गंजीनं काय घोडं मारलंय? उद्या तिला सरळ तुझ्या घरी घे. दुसऱ्या कुनाच्या कौलाला धक्का लागता कामा न्हाई."

"आरं रंगनाथ, घर ऱ्हाईल का माझं? मी ऱ्हाईन का?"

"त्ये बोलावताना बघायचं व्हतं. आनि सोता दारात उभा ऱ्हा. देवळामागं निळी दारं चार हायती. तिला कसं कळायचं?"

ठरावाला हात वर झाले. तात्यांनी हातांवरून नजर फिरवली. बायकांच्या बाजूला सगुणाबाईचाही हात वर होता.

"तूबी?" घरी आल्यावर तात्यांनी विचारलं.

"मग काय करू? बोलावलेल्या मानसाला किती दिस डोंगरावर बसवायचं? मला लाज वाटती."

"सगुणा, ती मानूस न्हाई. उद्या हितं काय उरनार न्हाई. तू म्हायेरी जा."

"घरात पाव्हनं येनार आन् मी म्हायेरी? लोक तोंडात शेन घालतील."

सकाळी वाडी रिकामी झाली. शेळ्यासुद्धा सोडून नेल्या. तात्या निळ्या दारात उभे राहिले. आत सगुणाबाईची भांड्यांची आदळआपट चालली होती, आणि तात्यांना त्या आवाजानं रडू येत होतं.

"या," ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "या!"

दरड उठली. आधी वारा आला, त्यानं तात्यांची टोपी उडवली. मग पांढरा धूर, आणि धुरामागून डोंगराएवढी ती. दोन्हीकडची घरं चुकवत, अंग चोरून, गल्लीतून सरळ येत होती. तात्यांनी डोळे मिटून घेतले. गारवा नाकापर्यंत आला.

"थांबा!"

सगुणाबाई तात्यांना बाजूला सारून पुढं झाली. हातात कढत पाण्याचं घंगाळ. "तशाच येता व्हय घरात? कुटनं कुटनं चालत आलाय. पाय धुवा आदी."

दरड थांबली. छपराच्या वर तिची उंची गेली होती. "चुकलंच माझं," ती म्हणाली आणि तिनं पाय घंगाळात घातला. चर्रदिशी वाफ झाली. तो पाय पाणी होऊन गल्लीतून ओढ्याकडं वाहत गेला. दरडीनं खाली पाहिलं, जरा विचार केला, आणि दुसरा पुढं केला.

तात्या भिंतीला टेकून नुसते बघत होते.

"बघताय काय?" सगुणाबाई ओरडली. "दुसरा हंडा ठेवा चुलीवर. पाव्हन्याला गार पानी देता?"

आता चैत्र लागलाय. दरड उंबऱ्याबाहेर उभी राहून पाय धुते आहे. तात्या दिवसभर लाकडं फोडतात आणि पाणी तापवतात. अधूनमधून ती विचारते, "झाले का हो, बाई?" तेव्हा तात्यांची कुऱ्हाड हवेतच राहते.

सगुणाबाई पदर खोचून वाकते, डोळे बारीक करून नीट बघते.

"टाचेला चिखल हाय अजून," म्हणते.