पूजलेला ब्रेक

"औंदा खंडेनवमीला अंजूला आणायला मी जाणार! माझ्या गाडीनं! आन् ह्या बारीला ब्रेक असा लागंल की भालकीकर बघत राहतील!"

हुलसूरच्या बी-बियाणांच्या दुकानदारानं, म्हणजे आपल्या अंकुशरावांनी, ही घोषणा जेवणाच्या ताटावर केली. समोर श्रोता एकच, बायको कलाबाई. त्यांनी भाकरी वाढली आणि नुसतं "व्हय" म्हटलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्या एका "व्हय"चे निदान चाळीस अर्थ अंकुशरावांना पाठ झाले होते. हा त्यातला सगळ्यात वाईट होता.

त्याला कारणही तसंच होतं. अंजू त्यांची एकुलती लेक, उन्हाळ्यात लग्न होऊन भालकीला गेलेली. पंचमीला अंकुशराव तिला आणायला गेले, तेव्हा नेमकं जावयाच्या दारात त्यांची चप्पल ब्रेकवरून सटकली. गाडी दोन पायऱ्या चढली आणि विहीणबाईंचा, निलम्मांचा, काठोकाठ भरलेला पाण्याचा ड्रम आडवा झाला. गल्लीत पाणीच पाणी! जावई प्रेमानंद शाळेत मास्तर, मोठा सभ्य माणूस. तो हसला नाही. तो फक्त म्हणाला, "मामा, पुढच्या बारीला मीच आणून सोडतो. तुम्ही कशाला तरास घेताव?"

हसला असता तरी परवडलं असतं!

आणि आता अंजूचा फोन आला होता. "अप्पा, तुम्हीच या. मी गल्लीत सगळ्याला सांगून ठेवलंय, माझे अप्पा आता झकास गाडी चालवायलेत म्हणून." लेकीनं बापाच्या नावावर एवढी मोठी थाप मारली होती. ती खरी करून दाखवणं आता अंकुशरावांच्या पायात होतं.

म्हणून ते बीदरला गेले आणि पेडलवर बसवायचे लोखंडी कव्हर घेऊन आले. तीन नग, चकचकीत, वर बारीक दाणे. दुकानदार म्हणाला होता, "पाँव हिलताच नै काका! दस मिनिट का काम है, घर कू जाके लगा लेव."

ते दहा मिनिटांचं काम खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी नऊला सुरू झालं. साडेअकराला अंकुशरावांचं डोकं पेडलखाली, पोट सीटवर आणि दोन्ही पाय दाराबाहेर हवेत होते. शेजारचे संगमेश्वर, रिटायर झालेले बस ड्रायव्हर, त्या पायांपाशी येऊन उभे राहिले.

"एन री अंकुशराव, काय हुडकायलाव?"

"हुडकायलो न्हाई. बसवायलो!" पाय म्हणाले.

संगमेश्वरांनी वाकून पाहिलं. तीस वर्षं बस चालवलेला माणूस! त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "ब्रेकचं कव्हर रुंद हाय की हो. ॲक्सिलेटरवर याया लागलंय."

"रुंद हाय तेच बरं हाय अण्णा. पाय सटकायचा न्हाई!"

संगमेश्वर दोनदा "हूं" म्हणाले आणि चहाला निघून गेले. दुपारी अंकुशरावांनी कलाबाईंना हात धरून गाडीपाशी आणलं. कपाळाला ग्रीस, केसात मॅटची माती, पण चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज! "बघ! लोक स्टिअरिंगला पुजतेत, बोनेटला पुजतेत. खुळे हायत! गाडीचं खरं हत्यार हे हाय, हे!"

कलाबाईंनी ते वाक्य मनात नीट घडी घालून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. विळे, खुरपी, पाना-पक्कड, फवारणीचा पंप, दुकानातला तराजू, सगळ्यांना गंध-फूल झालं. अंकुशराव आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीचं दार उघडतात तर काय! तिन्ही पेडलवर हळद, कुंकू, अक्षता आणि एकेक झेंडू! ब्रेकवर तर शेवंतीसुद्धा!

"हे काय केलीस?"

"तुम्हीच म्हणलाव ना, खरं हत्यार हे हाय म्हणून? मग पुजले."

"बरं केलीस. सरक, उशीर व्हायलाय." अंकुशरावांनी चप्पलेचा पाय आत टाकला आणि कलाबाई अशा ओरडल्या की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली.

"पाय लावू नका!"

"अगं, पाय न लावता गाडी कशी चालंल?"

"ते मला काय ठाव? पुजलेल्या वस्तूला पाय लावतेत व्हय? आन् ते बी सणाला? आन् ते बी चप्पल घालून?"

इकडे दहा वाजून गेलेले. अंकुशरावांनी विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, शेवटी संगमेश्वरांना पंच म्हणून बोलावलं. संगमेश्वरांनी बराच वेळ हनुवटी खाजवून निवाडा दिला. "माणसाला चुकून पाय लागला तर आपण काय करतो? नमस्कार करतो. मग पेडलला बी करायचा. पाय लावला की नमस्कार. मिटलं!"

"माझे हात स्टिअरिंगवर असतील की अण्णा!"

"मग नमस्कार मी करते," कलाबाई म्हणाल्या. "मी बी येणार. आन् तुम्ही पाय धुवून बसायचं."

असे, 'मी जाणार!' म्हणणारे अंकुशराव अनवाणी, ओल्या पायांनी, शेजारी बायकोला घेऊन निघाले. त्या लोखंडी दाण्यांवर उघडा तळवा म्हणजे किसणीवर पाय ठेवून बसल्यासारखं! आणि पहिल्याच गतिरोधकाला संगमेश्वरांच्या 'हूं'चा अर्थ कळला. ब्रेक दाबला की पायाची कड ॲक्सिलेटरवरही पडायची. गाडी थांबायची, पण बोंबलत थांबायची! घ्रूंऽऽऽ! की लगेच कलाबाईंचे दोन्ही हात जोडलेले. क्लच, नमस्कार. ब्रेक, घ्रूंऽऽऽ, नमस्कार.

रस्त्यावरच्या लोकांना पेडल थोडंच दिसत होतं! त्यांना दिसत होती एक गरजत येणारी गाडी आणि तिच्यातून डावी-उजवीकडे न बघता हात जोडणारी बाई. लोकही भले. पुलावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. टपरीवरच्यांनी उभं राहून जोडले. एक मोटरसायकलवाला खिडकीशी आला. "अक्का, पंचायतीला उभारलाव का काय?"

"न्हाई रे बाबा, ब्रेक हाय!" कलाबाई म्हणाल्या.

त्याला काय समजलं देवच जाणे. भालकीत शिरेपर्यंत मागं चार मोटरसायकली लागल्या होत्या.

त्या गर्जनेनं अख्खी गल्ली दारात आली. निलम्मांनी सवयीनं ड्रम आत ओढला. पायरीवर अंजू उभी होती, नवी इरकल नेसून. अंकुशरावांनी पाय दाबला. ब्रेक! घ्रूंऽऽऽ! गाडी पायरीपासून चार बोटांवर थांबली. चार बोटं! "बघा, म्हणलं नव्हतं का?" अंजू सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, आणि अंकुशरावांनी शर्टाची कॉलर नीट केली.

ते ऐटीत उतरून घरात गेले. मागं फरशीवर लालभडक पावलं उमटत गेली. घामानं ओले तळवे आणि पेडलचं कुंकू!

"अगंबाई!" निलम्मा म्हणाल्या. "आमची लक्ष्मी न्यायला आले आन् स्वतःच लक्ष्मीच्या पावलानं आले की व्याही!"

गल्ली हसली. प्रेमानंद मात्र गाडीत डोकावत होता. "मामा, ब्रेक आन् ॲक्सिलेटर तुम्ही एकदमच दाबायलाव की! असं कसं आलाव हितपर्यंत?" त्यानं स्क्रू ड्रायव्हर आणला, कलाबाईंची रीतसर परवानगी घेतली, आणि पाच मिनिटांत तिन्ही कव्हर काढून त्यांच्या हातात दिली. मग हळूच म्हणाला, "अंजूला मी सोडतो न्हाईतर."

"न्हाई," अंजू म्हणाली. "मी अप्पाच्याच गाडीत जाणार." आणि मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. अंकुशरावांना त्या क्षणी लेकीला अख्खं हुलसूर आहेर द्यावंसं वाटलं.

परतीला गाडी गपगुमान चालली. पायात चप्पल नसली की जुन्या रबरावर पाय मुळीच सटकत नाही, हा शोधही त्यांना लागला. कव्हर खणात गुंडाळून कलाबाईंच्या मांडीवर. सगळं कसं छान! तरी प्रत्येक ब्रेकला कलाबाईंचे हात आपले जोडलेलेच.

"अगं, आता कामून नमस्कार करायलीस? कव्हर तर तुझ्या मांडीवर हायत!"

"मी कव्हरला कवा केला? जाताना बी देवालाच करायले होते," कलाबाई म्हणाल्या. "तुम्ही ब्रेक लावताव ना, म्हणून."

अंकुशरावांनी मोठ्या आशेनं आरशात पाहिलं. मागच्या सीटवर अंजू डोळे गच्च मिटून, हात जोडून बसली होती.