पाचव्या रांगेपर्यंत

साहेब, तुमच्या फॉर्मात चौदा रकाने आहेत आणि चौदाही रकाने दिसणाऱ्या माणसांसाठी आहेत. रंगमंचावरचा फोटो जोडा. कात्रणं जोडा. ध्वनिमुद्रण असल्यास जोडा. जो माणूस दिसला किंवा ऐकू आला की त्याचं काम बिघडलं असं समजतात, त्यानं काय जोडायचं? स्वतःचं डोकं? हा फॉर्म छापायच्या आधी तुमच्यापैकी एक जण जरी पाच मिनिटं विंगेत उभा राहिला असता, तर पुढचा घोळ झाला नसता. पण तुम्ही पहिल्या रांगेतली माणसं. तिथून विंग दिसतच नाही.

विंगमामा प्रॉम्प्टर होते. छत्तीस वर्षं डाव्या विंगेतल्या तिपायी स्टुलावर बसून, मांडीवर संहिता आणि हातात बोटाएवढी बॅटरी घेऊन, अडलेल्या नटाला त्याचं पुढचं वाक्य सांगायचं, एवढंच त्यांनी आयुष्यात केलं. आणि साहेब, तुमच्या मंडळानं नाट्यगृह ताब्यात घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी मागच्या दाराला पाटी लागली: 'कलावंत ओळखपत्राशिवाय आत प्रवेश नाही.' ज्या दारवानाबरोबर मामांनी छत्तीस वर्षं चहा प्यायला, त्यानं हात आडवा घातला.

"मामा, कार्ड?"

"अरे, मी."

"तुम्ही तुम्हीच आहात हो. पण कार्ड?"

तिकडे आत स्टूल रिकामं. इकडे मामा रस्त्यावर, काखेत संहिता. कार्ड मिळालं तर स्टूल परत, नाहीतर उरलेलं आयुष्य घरातल्या खुर्चीवर. गोष्ट एवढीच होती.

घरी कार्डाचा फॉर्म भरायला तिघं बसले. मामा, त्यांची बायको आणि लेक. लेकीच्या हातात पेन होतं, कारण मामांचं अक्षर त्यांच्या बोलण्यासारखंच, जवळच्या माणसालाच कळेल असं.

"बाबा, कलाप्रकार काय लिहू?"

"कुजबुज लिही," बायको म्हणाली.

"आई!"

"मग काय खोटं आहे? घरात एक वाक्य मला पूर्ण करू देतात का हे? मी नुसतं 'आज बाजारातून' म्हटलं की हे 'कोथिंबीर'! परवा भिंतीपलीकडे शेजारचे नवराबायको भांडत होते. बिचारा नवरा मध्येच अडला. 'आणि तुझ्या भावानं त्या दिवशी, त्या दिवशी' म्हणून गप्प झाला. भांडण मिटायलाच आलं होतं गं! तर यांनी इकडून भिंतीला तोंड लावून सांगितलं, 'स्कूटर नेली ती परत आणली नाही.' झालं! पुढे दोन तास."

"पुढचं वाक्य तेच होतं," मामा शांतपणे म्हणाले. "आधी तीनदा झालं होतं ते भांडण. मला पाठ आहे."

"पण तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"अडलेला माणूस विचारत नसतो. विचारता आलं असतं तर तो अडला कशाला असता?"

लेकीनं कलाप्रकाराच्या रकान्यात 'रंगभूमी' लिहून टाकलं आणि ती पुढे सरकली. पुरावा. मामांकडे पुरावा नव्हता. शेवटी बायकोनं कपाटाच्या तळातून साड्यांखाली दडवलेलं पिवळं पाकीट काढलं. मामांचा चेहरा उतरला.

"ते ठेव आत."

आत एक कात्रण होतं. वीस वर्षांपूर्वीचं. नाटकाचे नायक, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्यांचे दोन्ही कान त्या दिवशी सर्दीनं गच्च झाले होते. तिसऱ्या अंकात त्यांचं अख्खं पान गेलं. मामांनी हळू सांगितलं, दादांना ऐकू आलं नाही. मामांनी जरा मोठ्यानं सांगितलं, तरी नाही. शेवटी मामा जवळजवळ ओरडले. दुसऱ्या दिवशी समीक्षकानं लिहिलं: 'कालच्या प्रयोगात सर्वांत स्वच्छ वाणी प्रॉम्प्टरची होती. त्यांचा प्रत्येक शब्द पाचव्या रांगेपर्यंत पोचला.'

"बाबा! छापून आलंय तुमच्याबद्दल! हाच तर पुरावा."

"पोरी, तो पुरावा नाही. गुन्हा आहे तो. छत्तीस वर्षांत एकदाच मी पकडला गेलो."

"पण दुसरं काही नाहीये ना."

खरंच नव्हतं. जी हजारो वाक्यं मामांनी नीट पोचवली, ती सगळी नटांच्या नावावर गेली. जे एक पान बिघडलं, तेवढंच त्यांच्या नावावर राहिलं. लेकीनं कात्रण फॉर्मला टाचलं. मामांनी मान फिरवली, पण नको म्हणाले नाहीत. स्टूल डोळ्यांसमोर होतं.

एका कात्रणावर भागणार नव्हतं म्हणून मामा शिफारसपत्रासाठी दादांच्या घरी गेले. दादा आरशासमोर भुवया कोरत होते.

"मामा, तुमच्याशिवाय मी मेलोच! शनिवारी प्रयोग आहे. तिसरा अंक, तुम्हाला माहितीये."

मामांना माहीत होतं. तिसऱ्या अंकात मुलाचं पत्र वाचून झाल्यावर दादा एक थांबा घेत. तो थांबा गाजलेला होता. त्याच्यावर लेख आले होते, नवशिके नट तो बघायला मागे उभे राहात. तो थांबा म्हणजे दादांना पुढचं वाक्य येत नसे, बाकी काही नाही. पण मामा ते वाक्य लगेच देत नसत. प्रेक्षागृह पुरतं गप्प होऊ देत, मग देत. किती गप्प होऊ द्यायचं, ते फक्त मामांना कळत असे.

"तेवढंच लिहून द्या ना. की मी सांगतो, मग तुम्ही बोलता."

दादांचा हात भुवईवर थबकला. "असं कसं लिहू, मामा? लोक म्हणतील, याला पाठ होत नाही."

"होत नाहीच."

"ते आपल्या दोघांत!" दादा उठून मामांशेजारी येऊन बसले. आवाज खाली आला. "खरं सांगू? एकदा तो थांबा मला सांभाळून घेता यावा, असं वाटतं. माझा मी. पण तिथे उभा राहिलो ना, की खाली जमीनच नसते. मग तुमचा आवाज येतो आणि मला वाटतं, अरे, हे तर मलाच सुचलं. कळतं का? मलाच सुचलं असं वाटतं. एवढं कोणी कोणाला देतं का? आणि हे मी कागदावर लिहू? कोणत्या तोंडानं?"

दादांनी पत्र दिलं ते असं: 'विंगमामांना मी बरीच वर्षं ओळखतो. ते स्वभावानं अतिशय शांत आहेत.'

मुलाखतीच्या दिवशी मामा तुमच्या दालनाबाहेरच्या बाकावर सकाळी दहापासून बसले होते, साहेब. दार अर्धं उघडं होतं. मामांच्या आधी चार जण आत गेले: एक पडदेवाला, एक प्रकाशवाला, एक रंगपटातली बाई आणि एक तबलजी. तबलजी हसत बाहेर आला. बाकी तिघांच्या वेळी तुम्ही उभे राहून टंकलेखिकेला निर्णय सांगितलात. तेच वाक्य, तीनदा, शब्दाला शब्द. आणि मामांचे कान कसले, ते आता तुम्हाला कळलंच आहे.

मामांची पाळी आली. तुम्ही कात्रण वाचलंत, पत्र वाचलंत आणि चष्मा कपाळावर चढवलात.

"हे कात्रण तर तुमच्या वाईट कामाबद्दल आहे."

"हो."

"आणि चांगलं काम?"

"ते कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणून चांगलं."

तुमच्या उजव्या-डाव्या बाजूचे दोघे हसले. "बरं, मग काहीतरी करून दाखवा आत्ता."

"मी कसं दाखवणार? तुम्ही आधी विसरायला हवं."

पुन्हा हसू. तुम्ही मात्र हसला नाहीत, हे मान्य करायला हवं. तुम्ही विचारलंत, "माणूस विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे तुम्हाला कसं कळतं?"

छत्तीस वर्षांत हा प्रश्न मामांना कोणी विचारला नव्हता. ते खुर्चीत पुढे सरकले. "पायांवरून. थांबा घेणारा नट चवड्यांवर असतो, पुढे झुकलेला. विसरलेला टाचांवर पडतो. तोंड फसवतं हो, डोळेही फसवतात. पाय नाही फसवत. चवड्यांवरच्या माणसाला वाक्य दिलं तर त्याचा सगळा अंक मोडतो. तिथे जीभ दाताखाली धरून बसायचं. बोलणं सोपं आहे, साहेब. न बोलणं म्हणजे माझं काम."

मग तुम्ही उभे राहिलात, दोन्ही हात टेबलावर टेकलेत आणि टंकलेखिकेला सांगू लागलात.

"सदर अर्जदार यांनी आपल्या कलेचा कोणताही ग्राह्य पुरावा सादर न केल्याने, मंडळ पूर्ण विचारांती सदर अर्ज..."

आणि तुम्ही थांबलात.

टंकलेखिकेची बोटं वर राहिली. पंखा फिरत होता. तुम्ही मामांकडे बघत होतात. मामांनी सवयीनं खाली पाहिलं. पण तुमच्या टेबलाला हिरवं कापड होतं, जमिनीपर्यंत, चारी बाजूंनी. पाय दिसत नव्हते.

एक श्वास गेला, दोन गेले, तिसराही गेला. समोर एक माणूस वाक्याच्या मधोमध उभा आहे, पुढचं वाक्य आपल्याला पाठ आहे आणि ते द्यायचं की नाही तेच कळत नाही, असं मामांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. ओठ न हलवता, श्वासाएवढ्या आवाजात त्यांनी वाक्य दिलं.

"नामंजूर करीत आहे."

"नामंजूर करीत आहे," तुम्ही म्हणालात. खणखणीत.

मग खाली बसून शेजारच्याला म्हणालात, "बघा, कागद हातात लागत नाही मला. सगळं तोंडपाठ."

टंकलेखिका मामांच्या मागोमाग बाहेर आली. तिची खुर्ची दोघांच्या मध्ये होती, तिनंच काय ते ऐकलं होतं. "काका, हे काय केलंत? साहेब थांबले होते! सहा वर्षांत मी त्यांना त्या वाक्यावर थांबलेलं पाहिलं नाही. काहीतरी वेगळं बोलणार होते ते!"

"तुला पाय दिसले का त्यांचे?"

"कोणाचे पाय?"

"साहेबांचे. चवड्यांवर होते की टाचांवर?"

"मी टाईप करत होते हो!"

मामा जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मग हळूच विचारलं, "मागे ऐकू गेलं का?"

"नाही. त्या दोघांनाही नाही. साहेबांना तर वाटलं, त्यांचं त्यांनाच आठवलं."

"असं वाटलं त्यांना?" मामांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि लगेच मावळलं.

शनिवारी तिसऱ्या अंकात दादांचा थांबा चार मिनिटं चालला. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग ते खोकू लागले, मग पडदा पाडावा लागला. मामा त्या वेळी घरी खुर्चीवर बसले होते. बायको "आज बाजारातून" म्हणून मुद्दाम थांबली. मामा गप्प. तिनं पुन्हा म्हटलं, "आज बाजारातून..." तरी गप्प. ते तिच्या पायांकडे बघत होते.

तेव्हापासून ते कोणालाच वाक्य देत नाहीत. तुम्ही विसरला असाल, तर मामांनी त्यांचं सगळ्यांत चांगलं काम तुमच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं आणि तुम्ही त्याच वाक्यानं त्यांना हाकललंत. तुम्ही विचार करत असाल, तर मामांनी जन्मात एकदाच चवड्यांवरच्या माणसाला वाक्य दिलं, आणि स्वतःचं स्टूल स्वतःच काढून घेतलं. यातलं कोणतं खरं, ते एकट्या तुम्हाला माहीत आहे. अर्ज नाही, अपील नाही, कार्डही राहू द्या. एवढंच सांगा, साहेब: त्या हिरव्या कापडामागे तुम्ही टाचांवर होतात, की चवड्यांवर?

सावकाश सांगा. पण तुमचं तुम्ही सांगा. अडलात, तर आता विंगेत कोणी नाही.