केसभर जागा

ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताणे पडलेल्या उस्ताद लालमहंमदांनी तिसऱ्यांदा पाना लावला, सर्व बळ एकवटून ओढला, आणि तेलाचे बूच तिसऱ्यांदाही जागचे हलले नाही. बाहेर केवळ त्यांचे पाय दिसत होते. पाय शांत होते. परंतु अंगठे एकमेकांवर घासत होते, आणि तेवढ्यावरून बागाईतदार राधाकृष्णांनी जे ओळखायचे ते ओळखले.

दुसरे महायुद्ध संपून चार वर्षे झाली होती. कोपरगावच्या बाजूस, कालव्याकाठी, राधाकृष्णांच्या उसाच्या मळ्यात हे यंत्र आले त्यास वर्ष लोटले होते. आज तिसऱ्या प्रहरी पाच गावांची मंडळी त्याची खोल नांगरट पाहण्यास येणार होती. निमंत्रण राधाकृष्णांनी स्वतः घोड्यावरून फिरून दिले होते. मात्र आतले तेल डांबरासारखे काळे झाले होते, आणि ते बदलल्यावाचून यंत्रास हात लावायचा नाही, हा उस्तादांचाच दंडक होता. तेल खाली सोडायचे तर तळाचे बूच निघणे अवश्य होते.

बूच आवळले होते तेही उस्तादांनीच. लष्कराच्या कारखान्यात सहा वर्षे घडलेला तो हात होता. गतवर्षी तेल भरून झाल्यावर त्यांनी साऱ्या गावासमक्ष पान्याला अखेरचा हिसका दिला होता आणि फडक्याला हात पुशीत म्हटले होते, "आता यात केसभर जागा ऱ्हायली असंल, तर मला उस्ताद म्हनू नका." गावाने ते शब्द जपून ठेवले. एखादी सोयरीक पक्की झाली, तरी लोक तिला लालमहंमदाचे बूच म्हणू लागले. हे कानी आले की उस्ताद मान खाली घालून हसत. त्या हसण्यात विनय किती होता, हे सांगणे कठीण.

आज पंचाईत उभी राहिली ती अशी, की बूच सहज निघते तर आवळणारा हात हलका ठरत होता, आणि न निघते तर सोडवणारा.

उस्ताद बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाले, "मालक, निघत न्हाई म्हंजे काम पक्कं हाय."

"ते दिसतंय," राधाकृष्ण म्हणाले. "पर दुपारी लोकांस्नी काय बूच दावू?"

प्रथम बुचावर रॉकेल सोडून अर्धा तास मुरू दिले. बूच ढिम्म राहिले. मग पान्याच्या दांड्यावर पाच हात लांबीची लोखंडी नळी चढवली आणि दोन गडी ती रेटू लागले. पाना घसरला, गडी एकमेकांवर कोसळले, आणि बुचाच्या चार कोपऱ्यांपैकी एक झिजून गुळगुळीत झाला. उस्तादांनी त्यावरून बोट फिरवले. चारही कोपरे गेले की पाना धरायला काही उरणार नव्हते. मग यंत्र दुरुस्तीसाठी मुंबईस जाणार होते, आणि त्याच्यामागोमाग उस्तादांचे नाव.

राधाकृष्णांच्या आत्या बनुबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सारे पाहिले आणि म्हटले, "बैलं इकायला काढलीस न्हवं? मग त्यांस्नीच बोलाव आता."

आत्याबाईंनी टोमणा मारला होता. राधाकृष्णांनी तो सल्ला म्हणून घेतला.

भीमा या मळ्यात तीस वर्षे नांगर धरीत आला होता, आणि यंत्र आल्यापासून वैरण कापण्यापुरता उरला होता. बोलावणे गेले तरी तो तातडीने आला नाही. त्याने बैल धुतले, शिंगांना तेल लावले, गळ्यात घुंगरमाळा घातल्या, आणि मग दोन जोड्या अशा ऐटीने आणल्या, की गडीमाणसे आपोआप बाजूस झाली.

नळीच्या टोकास साखळी बांधली, चाकांपुढे दगड लावले. भीमाने हाक दिली. बैल वाकले, दगड कुरकुरले आणि बाजूस सरले. मग बूच, पाना, नळी यांसह अवघा ट्रॅक्टरच बैलांमागून निघाला. मागे जोडलेल्या नांगराचा फाळ जमिनीत टेकलेला होता. त्याने काळ्या मातीत नांगराची वीस हात लांबीची रेघ, एक सुरेख तास, उमटवले.

नेमक्या त्याच क्षणी पाहुणे बांधावर येऊन उभे राहिले होते. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "लई झ्याक नांगरट हाय."

राधाकृष्ण जमिनीकडे पाहत राहिले. बुचाचा दुसरा कोपराही गेला होता.

भीमा वाकून यंत्राखाली पाहत होता. हलकेच तो म्हणाला, "उस्ताद, गाडी चिखलात रुतली की आमी आदी पुढं वढत न्हाई. वाईच मागं रेटतो. चाकाची बैठक मोडली की मग पुढं. ह्येला बी आदी वाईच आवळून बगा."

ही युक्ती लालमहंमदांस ठाऊक नव्हती असे नाही. कारखान्यातला तो पहिल्या दिवसाचा पाठ होता, आणि सकाळपासून तो त्यांना आठवत होता. परंतु बूच आणखी आवळायचे म्हणजे आवळण्यास जागा होती, हे पाच गावांदेखत मान्य करायचे.

त्यांनी उरलेल्या दोन कोपऱ्यांकडे पाहिले. मग मालकांच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिले. मग टोपी काढून भीमाच्या हाती दिली, यंत्राखाली सरकले, आणि आतून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बगा रं समदे. आवळतोय."

टक् असा बारीक आवाज झाला. बूच फिरले, फिरले ते अगदी केसभर. मग पाना उलटा फिरला, आणि वर्षभराचे काळे तेल धार धरून खाली आले.

बांधावरची मंडळी वाकून पाहत होती. ती केसभर जागा सर्वांनीच पाहिली होती, आणि गतवर्षीचे शब्दही कोणी विसरले नव्हते. लालमहंमद यंत्राखालीच थांबले होते. त्यांचे अंगठे पुन्हा घासू लागले होते.

"उस्ताद," भीमा म्हणाला, "तेलाखाली भांडं सरकवू का?"

अंगठे थांबले.

नवे तेल भरले गेले. बूच पुन्हा बसवून उस्तादांनी दोन हिसके दिले, तिसरा उगारला आणि आवरला. भीमाने वाकून विचारले, "बसलं का पुरतं?"

"केसभर हाय अजून. ऱ्हाऊ द्या," आपली टोपी परत घेत उस्ताद म्हणाले. "ती जागा तुमच्या नावानं ठेवलीय."

यंत्र गर्जत सुरू झाले आणि राधाकृष्णांची मान वर आली. मात्र पहिले तास बैलांनी अगोदरच घातले होते. ट्रॅक्टरला दुसऱ्यापासून आरंभ करावा लागला.