सौम्य माथा

सुहा लुका या बेटावरच्या गावात लग्नाची एक रीत आहे. वधूचा बाप तिचा हात धरून टेकडीवरच्या संत रोकोच्या देवळापर्यंत पायी चढतो. बापाला जमत नसेल तर मामा चढतो. बार्तुलचं दुःख असं, की त्याच्या मुलीचा मामा जमणाऱ्यांपैकी होता.

बार्तुल निवृत्त बंदर-कारकून. खुर्चीवर बसून त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी हलवल्या. विंकाचं लग्न सप्टेंबरात ठरलं तेव्हा तो रंगीत तालीम म्हणून टेकडीकडे गेला आणि पहिल्याच वळणावर धोंड्यावर बसला. बायको येर्का खालून ओरडली, "राहू दे रे! आन्ते आहेच!"

आन्ते म्हणजे तिचा भाऊ. राजधानीत, झाग्रेबला राहतो, रोज पहाटे धावतो आणि उरलेला दिवस त्याविषयी बोलतो.

बार्तुल थेट डॉक्टरीणबाईंकडे गेला. "शरीराशी भांडू नका," त्या म्हणाल्या. "शिस्त सावकाश लागली तरच टिकते. या आठवड्यात फक्त बूट घाला. पुढच्या आठवड्यात पहिल्या वळणापर्यंत जा."

सल्ला चांगला होता. त्याचा अर्धा भाग बार्तुलला फार आवडला. नवे बूट घालून तो टोन्काच्या कॅफेत जाऊन बसला. एक कप कॉफी दुपारपर्यंत पुरवणाऱ्या त्या मंडळींना बूट पाहून गहिवरून आलं.

"अरे, तू तर सुरुवातच केलीस!" नगराध्यक्ष श्पिरो म्हणाला. हा त्याचा शाळासोबती. 'नागरिकांची स्वयंशिस्त' या नावाचं सरकारी अनुदान त्याच्याकडे पडून होतं आणि स्वयंशिस्त असलेला नागरिक सापडत नव्हता.

तिथल्या तिथे सौम्य स्वयंशिस्त समिती स्थापन झाली. कोणालाही 'केलंस का?' असं विचारायचं नाही, कारण विचारल्याने दडपण येतं, असा पहिला ठराव झाला. ज्याचा दिवस चुकेल त्याला दोष न देता दिलासा द्यावा, असा दुसरा. दिलाशाचं काम टोन्काकडे आलं आणि ती तो गरम फ्रितुलेच्या रूपाने देऊ लागली. हे साखर भुरभुरवलेले तळलेले गोळे दिवस चुकवणाऱ्यालाच मिळत. महिनाभरात अख्ख्या गावाचा दिवस चुकू लागला. योजनेला शंभर टक्के प्रतिसाद असल्याचं समितीने वर कळवलं.

तिसरा ठराव जरा तात्त्विक होता. माणसाने ध्येयाकडे जायचं, तर ध्येयानेही चार पावलं पुढे यायला काय हरकत आहे? म्हणून पहिल्या वळणावर बाक ठेवला. तो लांब पडतो अशी तक्रार आली, तेव्हा पायथ्याशी आणला. पायथाही उन्हात होता, म्हणून कॅफेच्या दारात. फादर लोव्रे यांचे गुडघे दुखत, त्यामुळे रविवारची प्रार्थनाही बाकाशीच होऊ लागली. ऑगस्टमध्ये तिथे संगमरवरी पाटी लागली: 'सौम्य माथा. येथे पोहोचलेली व्यक्ती वर पोहोचली असे समजण्यात यावे.'

बार्तुल रोजच्याच खुर्चीत बसला होता. पाटी लागली आणि तो पोहोचला. टाळ्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. ते त्याने घरी नेऊन दाखवलं.

"छानच," येर्का म्हणाली. "आता पोरीला तूच सांग, की तिचं लग्न कॅफेच्या दारात, गाड्या लावतात तिथे आहे."

त्याने सांगितलं नाही. समितीच्या धोरणात अप्रिय बोलणं बसत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी विंका पांढऱ्या झग्यात आली. गाणारी मंडळी तयार, पाटीखाली फादर लोव्रे कॉफी ढवळताहेत.

"बाबा, हे काय?"

"माथा. अधिकृत आहे गं."

विंकाने पाटीकडे पाहिलं, मग टेकडीकडे. "आजीचं लग्न वर झालं, आईचं वर झालं. मी वर चालले. तू येतोस, की मामाला हाक मारू?"

मामा केव्हाचाच गुडघे उचलून अंग मोकळं करत होता. बार्तुलने कप खाली ठेवला.

चढ चढासारखाच होता. प्रत्येक वळणावर बार्तुल बसला आणि संत रोकोला नको ते बोलला. प्रत्येक वळणावर विंकाही झगा सावरून शेजारी बसली. हात मात्र तिने सोडला नाही. आन्ते मधल्यामध्ये दोनदा वर जाऊन आला.

"नाकाने श्वास घे, बार्तुल!"

"आधी तू तोंड मिट, मग मी नाकाचं बघतो!"

वर पोहोचल्यावर बार्तुल देवळाच्या पायरीवर आडवा झाला आणि इतका हसला की विंकालाही हसू आवरेना. वर वधू होती, वर होता, बाप होता. फक्त फादर नव्हते. त्यांना समितीने मागून ढकलत आणेपर्यंत ऊन कलायला आलं. लग्न मात्र झोकात झालं.

दुसऱ्या दिवशी पाटीखाली समिती बसली. बार्तुलची चढाई हे योजनेचं घवघवीत यश असल्याचं एकमताने ठरलं.

"अरे, मी मेहुण्यावरच्या चिडीने चढलो!" बार्तुल म्हणाला.

"त्याला बाह्य सहकार्य म्हणू," श्पिरो म्हणाला.

बार्तुल हल्ली सकाळी एकटाच टेकडीवर जातो, वळणावळणाला बसत. पण कोणाला सांगत नाही. कळलं तर समिती प्रोत्साहन द्यायला येईल.

योजना आता परदेशी नागरिकांनाही खुली झाली आहे. बूट घालणं अनेकांना जाचक वाटल्याने पहिली पायरी बदलली आहे. दुसरा कोणी टेकडी कशी चढला, याची हकिकत बसल्या जागी शेवटपर्यंत वाचायची. बस्स, एवढंच.

आपली पहिली पायरी आत्ताच पूर्ण झाली. अभिनंदन! उठायची घाई करू नका.