साळूताईंचं डिजिटल वाचनालय

एका जंगलात एक सार्वजनिक वाचनालय होतं. हसू नका रे! जंगलात राजा चालतो, प्रधान चालतो, बोलणारा ससा चालतो, आणि वाचनालय म्हटलं की लगेच दात काढायचे? बसा नीट.

तर हे वाचनालय होतं एका चिंचेखाली, पत्र्याच्या खोलीत. दोन कपाटं, एक सतरंजी आणि एक लंगडं टेबल. ग्रंथपाल होत्या साळूताई. त्या जातीच्या साळिंदर. अंगभर काटे, पण बावीस वर्षांत एकाही वाचकाला टोचल्या नव्हत्या.

जंगलात वाचता येणारे मोजून चार. बाकीच्यांना खूर नाहीतर नख्या. खुरांनी पान कसं उलटणार, सांगा बरं? म्हणून रोज दुपारी चार वाजता साळूताई मोठ्याने वाचायच्या आणि सगळे सतरंजीभोवती बसून ऐकायचे.

आता तिथली एक रीत सांगतो. तुम्हाला शाळेत गप्प बसून ऐकायला शिकवतात ना? त्या जंगलात तो उद्धटपणा समजत. तिथे प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा. "हं" म्हणायचं, "अगंबाई" म्हणायचं, नाहीतर सरळ भांडायचं. हुंकार आला नाही, तर साळूताई पुढचं वाक्य वाचतच नसत.

"'नावाड्याने वल्हं टाकलं आणि पुरात उडी घेतली,'" साळूताई वाचायच्या.

"मेला?" गवाकाकू विचारायच्या. काकूंचा देह दरवाजाएवढा आणि काळीज मुंगीएवढं.

"अहो काकू, पुढे तर वाचू द्या."

"मेला असेल तर आधीच सांग, साळू. मला नाही बाई सोसत."

"पण मी म्हणतो, उडी मारायची गरजच काय होती?" हे अस्वलतात्या. पुस्तकातल्या प्रत्येकाला त्यांना अक्कल शिकवायची असे.

अशाने एक कादंबरी संपायला तीन-तीन महिने लागत. कुणाची काही तक्रार नव्हती.

नावाडी असा पुरात गटांगळ्या खात असताना वरून हुकूम आला. वरून म्हणजे कुठून, ते विचारू नका. जंगलात सगळे हुकूम वरूनच येतात. सगळी वाचनालयं डिजिटल करायची होती.

वाचनालयाचे अध्यक्ष होते वानरराव. त्यांनी आयुष्यात पुस्तक उघडलं नव्हतं, पण उद्घाटनं पुष्कळ केली होती. ते उड्या मारतच आले.

"साळूताई, सगळी पुस्तकं तुमच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून टाका. घरोघरी अ‍ॅप देऊ. ज्याला जेव्हा हवं तेव्हा ऐकेल. महिनाअखेर तपासनीस येतील, शेरा मारतील, की झालं!"

"आणि मग मी?"

"तुम्ही सुटलात! ग्रंथपालाचं पदच रद्द. आता आराम करायचा."

"आराम करून मी करू काय?" साळूताई म्हणाल्या. पण वानरराव तोवर दुसऱ्या फांदीवर गेले होते.

साळूताईंना फार वाईट वाटलं. त्या कपाटाआड जाऊन पोटभर रडल्या. मग तोंड धुतलं, दार लावून घेतलं आणि रेकॉर्डिंगला बसल्या. काम म्हणजे काम!

पहिलं वाक्य वाचलं. थांबल्या. हुंकारच येईना! येणार कुठून? खोलीत चिटपाखरू नव्हतं. दुसरं वाक्य काही केल्या घशातून निघेना. तीनदा सुरुवात केली, तीनदा अडलं.

शेवटी त्यांनी डोळे मिटले. समोर गवाकाकू बसल्यात, शेजारी तात्या बसलेत, असं मनात आणलं आणि मग कुठे आवाज मोकळा झाला. पंधरा दिवसांत झाडून सगळी पुस्तकं रेकॉर्ड झाली. कुणी ती तपासून ऐकली का? छे! वानरराव आणि ऐकणार?

अ‍ॅप वाटण्याचा समारंभ झाला. मोबाईलला हार घातला, नारळ फोडला. सगळे मोबाईल घेऊन आपापल्या घरी गेले. साळूताईंनी पिशवी भरली. तपासणी झाली की पलीकडच्या जंगलात बहिणीकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गवाकाकूंनी अ‍ॅप लावलं.

"'...आणि पुरात उडी घेतली,'" मोबाईल म्हणाला.

काकूंनी श्वास रोखला.

"नाही हो काकू, मेला नाही अजून. डोळे पुसा आधी," मोबाईल म्हणाला.

"अगंबाई! याला कसं कळलं?" काकू आनंदाने उभ्याच राहिल्या. "मग आहे कुठे तो? थंडीने काकडला असेल गं!"

"तात्या, तुम्ही मध्ये बोलू नका," मोबाईल म्हणाला.

"तात्या कुठेयत इथे? मी विचारतेय, मी!" काकू ओरडल्या. मोबाईल खुशाल पुढे वाचत राहिला.

तिकडे गुहेत तात्या तोंडात मध धरून मुकाट बसले होते. त्यांनाही तेच ऐकू आलं. "एक शब्द बोललो असेन तर शपथ!" तात्या भडकले. "माझ्याच घरात मलाच दटावतोय?" त्यांचा असा अपमान आजवर झाला नव्हता.

एकटी टिटवीवहिनी मात्र खूश होती. ती नदीकाठी अंड्यांवर बसून असायची. अंडी सोडून वाचनालयात कशी जाणार बिचारी? जन्मात पहिल्यांदाच तिच्या कानावर पुस्तक पडत होतं. तिलाही एक शंका आली. पण मोबाईलने काकूंना उत्तर दिलं, तात्यांना झापलं, हिचं नावही घेतलं नाही. ती हिरमुसली.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी तपासणी होती, आणि नेमक्या त्याच दुपारी अख्खं जंगल मोबाईल घेऊन वाचनालयावर चालून आलं.

"साळू, हा मेला माझं ऐकतच नाही!" काकू म्हणाल्या.

"आणि माझ्यावर नसते आळ घेतो!" तात्या गरजले.

साळूताई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. इतकी तोंडं एकदम बघून त्यांना भरून आलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"लावा बघू पुन्हा," त्या म्हणाल्या. एक वाक्य झालं. साळूताईंनी बटण दाबून यंत्र थांबवलं. "हं, काकू, विचारा."

काकूंनी विचारलं. तात्या भांडले. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा थांबवलं. दहाव्या वाक्याला कंटाळून साळूताईंनी ते रेकॉर्डिंग बंदच केलं आणि पुस्तक उघडून सरळ वाचायला लागल्या.

तेवढ्यात सतरंजीवरचा मोबाईल वाजला. साळूताईंनी तो उचलून स्पीकरवर लावला. "साळूताई, मी नदीवरची टिटवी. मला येता येत नाही. पण त्या नावाड्याला पोरं किती हो?"

सगळ्यांनी माना मोबाईलकडे वळवल्या. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"तीन, वहिनी," साळूताई म्हणाल्या. "धाकटं अजून रांगतंय. असं करा, रोज चारला फोन लावत जा आणि चालू ठेवा. तुमचाही हुंकार हवाच मला."

"हं!" टिटवीवहिनी म्हणाली. काय आनंद होता त्या आवाजात!

आणि मुलांनो, नेमके याच वेळी तपासनीस करकोचेसाहेब दारात येऊन एका पायावर उभे राहिले. त्यांनी बघितलं तर सतरंजी भरलेली आणि मधोमध मोबाईल. आत्तापर्यंत सतरा जंगलं पालथी घातली होती त्यांनी. सगळीकडे अ‍ॅप होतं, ऐकणारा एकही नव्हता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

साहेबांच्या मागोमाग उड्या मारत आलेल्या वानररावांनी पापणी लवू दिली नाही. "डिजिटल वाचनालय, साहेब. सुधारलेली आवृत्ती."

"यंत्र प्रश्नाला थांबतं?"

"थांबतं, साहेब."

"उत्तर देतं? ऐकणाऱ्याला नावाने ओळखतं?"

"पोराबाळांची चौकशीसुद्धा करतं."

"कमाल आहे! चार्जिंग किती लागतं?"

"दिवसातून दोनदा चहा."

साहेबांनी साळूताईंभोवती एक चक्कर मारली. मग वही काढून मोठ्या अक्षरात शेरा लिहिला: "असे प्रगत यंत्र अन्यत्र आढळले नाही. ग्रंथपालाचे पद तात्काळ रद्द करावे व सदर यंत्र कायम ठेवावे."

तेव्हापासून त्या जंगलात ग्रंथपाल नाही. साळूताई रोज चार वाजता वाचतात. यंत्राला निवृत्तीचं वय नसतं, त्यामुळे त्यांना आता कुणी हलवू शकत नाही.

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी नोकरी टिकवायची असेल, तर काम जिवंत माणसासारखं करा, पण कागदोपत्री स्वतःची नोंद यंत्र म्हणूनच करून घ्या.