अण्णांच्या शटरचं रबर

ओझरला चतुर्थीच्या गर्दीत आमचे सखाहरीअण्णा भर रस्त्यात पालथे पडले, तेव्हा त्यांचं बघून मागच्या तिघांनीही दंडवत घातला. इथूनच लोटांगण घालायची पद्धत असेल, असं वाटलं त्यांना. एका बाईंनी अण्णांच्या पायांवर दूर्वा वाहिल्या. वास्तविक देऊळ अण्णांच्या पाठीमागे होतं. समोर होतं एका पेढेवाल्याचं बंद शटर. गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून अण्णा त्या शटरखालची रबराची पट्टी बघत होते.

"बोटभर फट हाय," उठून धोतर झटकत ते मला म्हणाले. "हितला पेढा घेऊ नगा, राव. मुंग्यांनी आधी चाखलेला आसंल."

मागचे तिघं अजून हात जोडून होते. त्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "महाराज काय म्हणाले?"

पिंपरी पेंढारमध्ये अण्णांचं घर माझ्या घराला लागून आहे. पोटाला शेती आणि जिवाला शटर, असा हा गृहस्थ. आमच्याकडे हल्ली माणूस घराच्या आधी गॅरेज बांधतो. बिबट्या मोकळा हिंडतो, म्हणून शेळ्या, मोटारसायकल, पंप, जे जे मोलाचं ते ते शटरच्या आत. त्यामुळे अण्णांना पालथं पडायला जागा कमी नाही. कुणाकडे वास्तुशांत असली की लोक आधी सत्यनारायणाला नमस्कार करतात. अण्णा आधी शटरपुढे आडवे होतात आणि तिथूनच ओरडतात, "फट दिसली का पावणं आलं!"

पावणं म्हणजे उंदीर, घूस, विंचू, धूळ, पावसाचं पाणी आणि श्रावणातली ओली हवा. यांतलं कुणीही न बोलावता येतं, जेवून जातं आणि जाताना घाण करून जातं, असं अण्णांचं म्हणणं. हे सांगताना ते आलेल्या खऱ्या पाहुण्यांकडे का बघतात, कुणास ठाऊक.

रबराची सेवा ते देवासारखी करतात. उन्हाळा संपता संपता त्याला साबणाच्या पाण्याने अंघोळ. मग मऊ फडक्याने पुसणं. मग सावलीत वाळवणं. कुणी रबराला तेल लावलं तर अण्णांना ते स्वतःला मुस्कटात मारल्यासारखं लागतं. "तेलानं रबर फुगतं, मग चिरतं! पावडर लावा, अंगाला लावायची पावडर!" अण्णांचं शटर उघडलं की तान्ह्या बाळाला नुकतं न्हाऊ घातल्यासारखा वास येतो.

"माझ्या लग्नात मला पावडरचा डबा मिळाला न्हाई," नर्मदावहिनी एकदा म्हणाल्या. "शटरची हौस बघा!"

"तू कुठं चिरतीस?" अण्णा म्हणाले.

या विद्येचा एकदा मात्र अतिरेक झाला. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही आहुप्याला गेलो होतो. आहुप्याचं धुकं म्हणजे काय सांगावं! दार उघडं दिसलं की घरात येतं आणि माणसांच्या मधे पंगतीला बसतं. तिथे शटर नव्हतं, पण फटी भरपूर होत्या. अण्णांनी पोह्यांना हात लावला नाही. त्यांनी भाताचा पेंढा मागवला, गोणपाट मागवलं आणि बघता बघता दार, खिडकी, कुडाच्या भेगा, सगळं बुजवून टाकलं. धुकं बाहेर राहिलं खरं. पण आत चूल पेटली होती, आणि धुरालाही बाहेर पडायला त्याच फटी लागत होत्या. घटकाभरात दोन्हीकडची मंडळी घळाघळा रडायला लागली. मुलीची आजी पदराने डोळे पुसत म्हणाली, "पावणं लई मायाळू हायेत गं. पोरगी अजून दिली न्हाई, तवर रडाया लागलं." सोयरीक तिथल्या तिथे जमली.

आता तुम्ही विचाराल, अण्णांच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये आहे तरी काय? गाडी नाही. ट्रॅक्टर आहे, पण तो बाहेर ताडपत्रीखाली भिजतो. त्या कडेकोट, सुगंधी गॅरेजमध्ये पावसाळाभर असतात दोन ढोलक्या.

त्या निवृत्तीच्या. निवृत्ती हा अण्णांचा धाकटा भाऊ. ऐन तरुणपणी शेती सोडून तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायला गेला. अण्णा माळकरी माणूस. भडकून म्हणाले, "माझ्या घरात पाय ठेवू नको." निवृत्तीनेही हट्टाने शब्द पाळला. कित्येक वर्षं दोघांत बोलणं नाही. पण एका पावसाळ्यात नारायणगावातली त्याची खोली गळली, ढोलकीचं चामडं सैल पडलं, त्यावरची शाई निघाली, आणि तो दोन ढोलक्या काखेत मारून अण्णांच्या दारापुढच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. आत येईना. हाकही मारीना. चिंब भिजत नुसता उभा.

अण्णांनी मला कुंपणावरून बोलावलं. "त्याला म्हणावं, घरात न्हाई. गॅरेजात ठेव."

तो वीतभर अंतरावर होता. तरी मी म्हणालो, "निवृत्तीभाऊ, गॅरेजात ठेवा म्हणतात."

"त्यांना म्हणावं, गॅरेजात ओल येती."

"त्याला म्हणावं, येणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बाहेर निघाला आणि अण्णांच्या आयुष्यात रबर आलं. खाली रबराची पट्टी, दोन्ही कडांना ब्रशची पट्टी, वर छपराशी आणखी एक. तेव्हापासून फड बंद झाला की ढोलक्या येतात, दसऱ्याला निघतात. मधल्या काळात निवृत्ती दर आठवड्याला "चामडं बघाया" येतो, गॅरेजात तासभर बसतो. अण्णा दाराशी बसून रबर पुसतात. मी मधे बसून निरोप पोचवतो. "त्याला म्हणावं, च्या घे." "त्यांना म्हणावं, साखर कमी." असा हा दोन भावांचा संसार, आणि मी त्यांचं पोस्ट ऑफिस. चहा मात्र मला दोन्हीकडचा मिळतो.

यंदा पावसाच्या तोंडावर अण्णांनी सगळं रबर नवं टाकलं. जुनं चांगलं होतं, पण वाकवल्यावर त्यावर केसभर रेघ दिसली म्हणे. नव्या पट्टीला पावडर चोळून होते न होते तोच निवृत्ती आला. हात रिकामे.

"त्यांना म्हणावं," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "यंदा ढोलक्या येणार न्हाईत. फडाच्या मालकानं नारायणगावात पक्कं गोदाम घेतलंय. समद्यांचं सामान तिथंच ठिवायचं. शटरला रबर हाय."

हा निरोप मला पोचवावा लागला नाही. अण्णांच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं होतं. ढोलक्या नाहीत म्हणजे चामडं बघायला येणं नाही, गॅरेजातला तास नाही, कमी साखरेचा चहा नाही. एवढा हिशोब मलाही कळत होता.

शेवटी फडकं खांद्यावर टाकत ते म्हणाले, "इचारा त्याला, रबर बघू का?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही तिघं नारायणगावात त्या गोदामापुढे उभे होतो. अण्णा पालथे पडले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. फट नाही. नळाला पाइप लावून पाणी मारलं. थेंब आत गेला नाही. कागदाचा तुकडा खालून सरकवून पाहिला, तो दुमडला. अण्णांचा चेहरा उतरत चालला. चांगल्या रबराकडे इतक्या दुःखाने बघणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

"आता आतनं," ते म्हणाले. "शटर पाडायचं. अंधारात उजेडाची रेघ दिसती का बघायचं."

आम्ही आत गेलो. निवृत्तीने शटर खाली ओढलं. काळाकुट्ट अंधार झाला. बाहेर ऊन रणरणत होतं, पण त्याची सुईएवढी टोचणीही आत येत नव्हती. ज्याने कुणी ते रबर बसवलं होतं, त्याला खरं तर अण्णांनी शाल-नारळ द्यायला हवा होता.

"राव," अण्णांचा आवाज आला, "त्याला म्हणावं..."

मला काय सुचलं कोण जाणे, मी ओ दिलीच नाही. श्वास रोखून गप्प उभा राहिलो.

"राव? हायसा का?"

मी नव्हतोच.

मग अण्णांनी घसा खाकरला.

"निवृत्ती."

पलीकडे काहीतरी धडपडलं. बहुधा निवृत्तीच.

"निवृत्ती, उजेड येतोय रं."

मी डोळे फाडफाडून बघत होतो. मला माझं नाकसुद्धा दिसत नव्हतं.

"कुठनं?" निवृत्ती म्हणाला.

"त्या कोपऱ्यातनं. खालनं."

त्या अंधारात निवृत्ती कोणत्या कोपऱ्याकडे बघत होता, देव जाणे.

"व्हय दादा," तो म्हणाला. "लई येतोय."

"ढोलक्या भिजत्याल."

"भिजत्यालच की."

"मग?"

"मग काय... सांजच्याला टेम्पोत घालून आणतो तुमच्याकडं."

"आण," अण्णा म्हणाले. "आन् जेवायलाच ये."

"घरात?"

"मग काय गॅरेजात पंगत मांडू?"

यानंतर कुणीतरी शटर वर करायला हवं होतं. आत उकडत होतं, आणि मला शिंक आवरत नव्हती. पण त्या दोघांना कसलीच घाई दिसेना.